बाजूला काढलेले कळक

"आत्या, साखर बरोबर झालीय का? का आणखी घालू?"

शालननं असं विचारलं आणि माझ्या दातात धरलेली बांबूची कामटी तशीच राहिली. शालन माझी सून. या घरात आल्यापासून तिनं मला चहा दिला तो कपबशी आपटून. साखर कमी आहे म्हटलं तर "उठा आणि घ्या" असं वर. मीही काही कमी नव्हते. तिच्या चहाला मी ठेवली नाहीत अशी नावं राहिली नव्हती. आमचं दोघींचं असं छान चाललेलं. आणि आज ही साखर विचारत होती, तीसुद्धा माझ्याकडं न बघता, भिंतीकडं तोंड करून.

मी मुद्दाम म्हटलं, "ह्याला चहा म्हणत्यात व्हय? तुझ्या माहेरी म्हशी धुतल्या की खाली राहतं, ते पाणी हाय हे."

माहेर काढलं की शालन पेटायची. अख्खी बुरूड गल्ली दारात येऊन ऐकायची. पण त्या दिवशी ती म्हणाली, "दुसरा करून आणते, आत्या." आणि कप उचलून आत गेली.

सून गोड बोलायला लागली म्हणजे काहीतरी भलतंच झालेलं असणार.

आता माझी ऐंशी उलटली, पण त्या वेळी मी कामात चार बायकांना भारी होते. तासगावात द्राक्षांचा हंगाम तोंडावर आलेला. बागायतदारांच्या पाट्यांची, म्हणजे टोपल्यांची, मागणी एवढी होती की जेवायला फुरसत नव्हती. मी पडवीत बसून कळकाच्या कामट्या, म्हणजे पातळ पट्ट्या, काढत होते. कळक म्हणजे बांबू. आमच्यात कामटीचं टोक दातात धरतात आणि हातानं ओढत तिचे दोन पातळ पापुद्रे करतात. हात दोनच असतात, म्हणून दात हा बुरडाचा तिसरा हात. माझ्या आईनं तसंच केलं, तिच्या आईनं तसंच केलं.

गळ्याला डाव्या अंगाला, जबड्याखाली, मला एक गाठ आली होती. दुखत फारशी नव्हती, पण घट्ट होती, जशी कळकाची गाठ. आधी सुपारीएवढी होती, मग लिंबाएवढी झाली. गावातल्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या तेव्हा थोडी बसली आणि गोळ्या संपल्यावर परत वर आली. दुसऱ्यांदा गेलो तर डॉक्टरनं माझं तोंड उघडायला लावलं. मिसरीनं काळे झालेले दात बघितले आणि माझ्या पोराला, म्हादूला, बाहेर नेऊन काही बोलला. म्हादू परत आला तो पांढराफटक पडून. म्हणाला, "थंडीनं आलीय, आई. गळ्याला मफलर बांध." आणि स्वतःच्या हातानं बांधला. मला तेव्हाच खटकायला पाहिजे होतं. म्हादूनं लहानपणी स्वतःच्या चड्डीची नाडी धड बांधली नाही कधी.

शालन चहा घेऊन परत यायच्या आत मी परसात गेले. पाट्यांना कळक कमी पडत होते, आणि मागच्या भिंतीला दोन कळक टेकवून ठेवलेले मला चार दिवस दिसत होते. लांब, सरळ, हिरवेगार.

"म्हादू, हे दोन फाड की रे. काम अडलंय."

"ते राहू देत, आई."

"का? सोनं लागलंय त्यांना?"

"दाजीकाकांनी ठेवलेत." एवढं बोलून तो कोयता घेऊन दुसरीकडंच गेला.

दाजीबा माझा धाकटा दीर. शेजारच्याच घरात राहायचा. आणि बुरडाच्या घरात लांब, सरळ, हिरवे दोन कळक जोडीनं बाजूला काढले, की ते कशासाठी हे शेंबड्या पोरालाही कळतं. गावात कुणी गेलं की तिरडीचे कळक आमच्याच दारातून जातात. त्याला कुणी घासाघीस करत नाही, आम्हीही जास्त सांगत नाही. कुणी अंथरुणाला खिळलं, दिवस भरत आले असं दिसलं, की दाजीबा न बोलता चांगली जोडी बाजूला ठेवायचा. आयत्या वेळी वाकडा कळक देणं त्याला बरं वाटत नसे. चांगलाच गुण म्हणायचा तो.

मी सगळी गल्ली मनात फिरून आले. या टोकापासून त्या टोकापर्यंत आजारी कुणीच नव्हतं.

मग माझा हात आपोआप मफलरवर गेला.

शालन चहा घेऊन परसात आली. मी तिचा हात धरला आणि धुण्याच्या दगडावर बसवलं.

"कुणाचे कळक हायत ते?"

"मला काय म्हाईत?"

"शालन, आज सकाळपासनं तू माझ्याशी भांडली न्हाईस. तुझा बाप मेला त्या दिवशी पण तू माझ्याशी भांडली होतीस. बोल."

ती पदराचं टोक पिळत बसली.

"बोलतीस, का तुझ्या आईनं तुला आमटी न शिकवता सासरी कशी धाडली ते सांगू गल्लीला?"

"सांगा!" ती एकदम उसळली. "सांगा जावा! डॉक्टर कॅन्सर म्हणालाय, आणि तुम्हाला माझ्या आमटीचं पडलंय!"

बोलून गेली आणि तोंडावर हात ठेवून रडायला लागली. मला, खोटं कशाला सांगू, आधी बरंच वाटलं. माझी सून जागेवर आली होती.

मग तिनं सगळं ओकलं. डॉक्टरनं सांगितलं होतं की गाठ चांगली वाटत नाही, मिरजेला न्या, तिथं तुकडा काढून तपासतील. पण दाजीबा म्हणाला की असल्या गाठीला चाकू लावला की ती अंगभर पसरते. त्याच्या मेव्हण्याचं तसंच झालं होतं. म्हादूनं ते मानलं. मिरजेला न्यायचं नाही, आईला सांगायचं नाही, आहेत ते दिवस सुखानं जाऊ द्यायचे. आणि रेश्माचं लग्न वैशाखातून मागं आणून मार्गशीर्षात उरकायचं. कारण मी गेले तर घरात वर्षभर मंगलकार्य होणार नाही, आणि कवठ्याचे व्याही काही वर्षभर थांबायचे नाहीत.

रेश्मा माझी नात, म्हादूची थोरली. डी.एड.च्या शेवटच्या वर्षाला होती. आमच्या सात पिढ्यांत शाळेच्या फळ्यापुढं खडू घेऊन उभी राहणारी पहिलीच. वैशाख धरला होता तो तिची परीक्षा व्हावी म्हणूनच. मार्गशीर्षात बोहल्यावर चढली की परीक्षा गेली. एकदा कवठ्यात चुलीपुढं बसली की कोण बसवतंय तिला पेपरला?

"आणि माझ्याशी गोड बोलायचं हे कुणी ठरवलं?"

"ह्यांनीच."

"तरीच. तुझ्या डोक्यातलं ते न्हाईच." मी तिच्या हातातला चहा घेतला. "डॉक्टर नीट काय म्हणाला? कॅन्सर हाय म्हणाला, का असंल म्हणाला?"

शालननं डोळे पुसले. "असावा म्हणाला."

"असावा?"

"व्हय."

"मग बघितल्याबिगर मला मारली कुणी?"

रविवारी कवठ्याचे व्याही आणि विहीणबाई तारीख पक्की करायला आले. पडवी झाडून सतरंजी टाकलेली. म्हादूनं मला आतच बसायला सांगितलं होतं आणि मफलर पुन्हा कचकचून बांधला होता. गाठ दिसू नये म्हणून, हे आता मला कळत होतं. आतून मी ऐकत होते. दाजीबा म्हणत होता, "मार्गशीर्षात चांगला मुहूर्त हाय. पोरीची जात, शिकून काय करायचंय? शुभ काम लांबवू नये."

रेश्मा माझ्याजवळ उंबऱ्याच्या आत उभी होती. ताटात सुपारी घेऊन.

"तुला काय पाहिजे गं?" मी विचारलं.

"आजी, पेपर झाल्यावर चाललं असतं."

"मग तोंड शिवलंय व्हय तुझं?"

"बाबा म्हणाले, आजीसाठी कर."

आजीसाठी! माझं नाव पुढं करून तिच्या गळ्यात दोरी घालत होते. मी उठले, पडवीत गेले आणि सतरंजीच्या मधोमध उभी राहून मफलर सोडला. एक वेढा, दुसरा वेढा. खाली टाकला. गाठ आता कच्च्या पेरूएवढी झाली होती, आणि टोकाला कातडी जांभळी पडून किंचित पाझरत होती.

विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला.

"बघा नीट," मी म्हटलं. "ही माणसं म्हणत्यात कॅन्सर हाय. तुमच्यापास्नं लपवत्यात आणि माझ्यापास्नं बी लपवत होती. मी मरायच्या आत पोरगी उजवायची म्हणून ही घाई चाललीय. माझं म्हणणं एवढंच, पोरगी पेपर देईल. मग लगीन. थांबणार असाल तर थांबा."

"आई, आत चल," म्हादू दातओठ खात म्हणाला.

"वहिनी, चारचौघांत हे..." दाजीबा उठला.

"भावजी, तुम्ही बसा खाली. माझे कळक तुम्ही निवडलेत, जोडी झकास हाय. आता मला एक सांगा. कळक न चिरता तो आतनं किडलाय का चांगला हाय, हे तुम्हाला कळतं?"

दाजीबा खरं बोलणारा माणूस. डोकं खाजवून म्हणाला, "टिचकी मारली की कळतं की थोडंफार."

"थोडंफार! आणि त्या थोड्याफारावर मला तिरडीवर बांधताय? मी उद्या मिरजेला जाणार. चिरून बघू दे त्यांना. मी किडलेली निघाले तर तुमचे कळक हायतच."

"चाकू लावला की पसरतंय, वहिनी! माझा मेव्हणा महिन्यात गेला!"

"तुमच्या मेव्हण्याला गाठ अंगभर पसरल्यावर नेलं होतं. मला ठाऊक हाय, मी भेटायला गेले होते."

व्याह्यांनी टोपी सारखी केली. "विचार करून कळवतो आम्ही," म्हणाले. असं म्हटलं की काय समजायचं हे सगळ्यांनाच माहीत असतं. चहा तसाच निवत राहिला.

ती माणसं गल्लीच्या कोपऱ्यावर दिसेनाशी झाल्यावर म्हादू माझ्यावर ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा. "पोरीचं वाटोळं केलंस तू! आता कोण येणार हाय ह्या घरात सोयरीक घेऊन?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेसून उभी राहिले तर म्हादू पाठ करून कळक तासत होता. शालन पिशवी घेऊन बाहेर आली.

"तू कुठं?"

"तुम्हाला मिरजेचा स्टँड तरी गावणार हाय का एकटीला?"

एसटीत खिडकीवरून आमचं भांडण झालं. शेवटी तिनंच खिडकी घेतली. माझ्या गाठीला वारं लागू नये म्हणून, असं म्हणाली. मी ते खरं धरलं नाही.

मिरजेच्या त्या मोठ्या दवाखान्यातली डॉक्टरीण काडीसारखी होती, पण आवाज घंटेसारखा. तिनं गाठ सगळीकडून दाबली.

"दुखतंय?"

"तुम्ही दाबलंत म्हणून."

ती हसली. तोंड उघडायला सांगितलं. तोंड पूर्ण उघडत नव्हतं. मिसरीवरून तिनं मला चांगलं फैलावर घेतलं. मग आत दिवा धरून डाव्या बाजूची किडकी दाढ बघितली, हिरडी बघितली. गाठीतून पाझरत होतं ते तिनं पांढऱ्या कापडावर घेतलं आणि उजेडात धरलं. मी पण मान वाकडी करून बघितलं. त्यात पिवळे बारीक कण होते, रव्यासारखे. डॉक्टरीण बराच वेळ त्या कणांकडं बघत राहिली.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"तपासल्याशिवाय नाही सांगणार, आजी."

"हे बरं हाय. आमच्याकडं उलटी रीत हाय."

मग तिनं सुई देऊन जागा बधिर केली आणि गाठीचा तुकडा काढला. शालननं बाहेर थांबायचं होतं, पण ती आतच राहिली आणि माझा अंगठा मोडेल इतका धरून ठेवला. तुकडा आणि ते कण दोन्ही तपासायला गेले. पुढच्या आठवड्यात या म्हणाले.

तो आठवडा कसा गेला ते मला विचारू नका. म्हादू बोलत नव्हता. दाजीबा रोज सकाळी येऊन माझ्याकडं बघायचा, गाठ कुठंकुठं पसरली ते शोधत असावा. कवठ्याहून काही कळलं नाही. मी पाट्या विणत राहिले. भीती वाटली का? वाटली. रात्री गाठ ठणकली की वाटायचं, दाजीबाचं खरं निघालं तर? पण मग ते कळक डोळ्यांपुढं यायचे आणि संताप यायचा. संतापानं झोप बरी लागते.

निकालाच्या दिवशी एसटीत आम्ही दोघी बसलो. गाडी सुटता सुटता म्हादू मागच्या दारातून चढला आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसला. मिरजेपर्यंत तिथंच होता.

डॉक्टरणीनं आम्हा तिघांना बसवलं. कागद पुढं ओढला.

"आजी, कॅन्सर नाही."

शालननं "अगं बाई" म्हणून माझ्या पाठीत एक जोरात घातली. म्हादू खुर्चीवर होता, तो सरकून खालीच बसला.

"मग गाठ कसली ही?" मी विचारलं.

"जंतूंची. हे जंतू तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्याच तोंडात असतात, आणि एरवी काही करत नाहीत. पण दाढ किडली, हिरडीला जखम झाली, की त्या वाटेनं आत उतरतात. मग हळूहळू अशी लाकडासारखी गाठ बनते. फार क्वचित होतं असं, म्हणून भले भले डॉक्टर कॅन्सर समजतात. ते पिवळे कण त्याचीच खूण. तोंडात काही टोचलं होतं का? काटा, काडी?"

शालन माझ्याकडं बघायला लागली. मी टेबलावरची कागदाची पट्टी उचलली, टोक डाव्या दाढेत धरलं आणि ओढून दाखवलं.

"रोज?" डॉक्टरीण म्हणाली.

"दात आल्यापास्नं."

तिनं कपाळाला हात लावला. कामटीच्या कुसळानं झालं की किडक्या दाढेनं, की दोन्हींनी, ते नक्की सांगता येणार नाही, असं म्हणाली. आधी दवाखान्यात राहून पेनिसिलिनची इंजेक्शनं, दाढ काढायची, मग कितीतरी महिने गोळ्या. गाठ गेली तरी गोळी सोडायची नाही, हे तिनं मला तीनदा म्हणायला लावलं. आणि मिसरीबद्दल म्हणाली, "आज नाही निघाला कॅन्सर. उद्याची हमी मी देत नाही."

म्हादू खालूनच म्हणाला, "डॉक्टर, चाकू लावला की पसरतं म्हणतात..."

"चाकू लावला म्हणून कळलं," ती म्हणाली. "तसंच घरी ठेवलं असतं तर हे जंतू आत आत गेले असते. आणि आजी गेल्या असत्या तर तुम्ही सगळ्यांनी म्हटलं असतं, कॅन्सरनं गेल्या."

म्हणजे जो रोग मला झालाच नव्हता, त्यानं मी मेले असते. दाजीबाच्या सरळ कळकांवरून गेले असते. रेश्मा कवठ्यात भाकऱ्या थापत बसली असती. आणि गल्ली म्हणाली असती, पोरानं आईचे शेवटचे दिवस किती सुखात घालवले.

जिन्यावरून उतरताना म्हादूनं माझ्या हातातली पिशवी घेतली. "आई..." म्हणाला.

"गप चल. पुढं बघून पाय टाक," मी म्हटलं. त्याला तेवढं पुरलं. आम्ही काही गळ्यात पडणारी माणसं नव्हे.

इंजेक्शनं संपवून मी घरी आले तोवर गाठ निम्मी उतरली होती. कॅन्सर नाही हे कळल्यावर कवठ्याहून निरोप आला होता, वैशाख चालेल म्हणून. मी म्हटलं, माझं काय विचारताय, जिचं लगीन हाय तिला विचारा. रेश्मा पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली, "नको." एवढंच. म्हादूनं तोंड उघडलं आणि माझ्याकडं बघून मिटलं. पोरगी मास्तरीण झाली, मग तिच्यासारखाच एक मास्तर बघून लग्न केलं, पण ते दोन वर्षांनी.

आल्या दिवशी मी काय केलं ते सांगते. लुगडं बदललं आणि सरळ परसात गेले. ते दोन्ही कळक अजून भिंतीला टेकून होते. जरा सुकले होते. ओढत पडवीत आणले, पाण्यानं भिजवले आणि कोयता घेऊन बसले. आवाज ऐकून दाजीबा धावत आला.

"वहिनी, अहो, ते कळक..."

"माझेच हायत ना?"

दाजीबा खाली बघायला लागला.

"मग माझ्या मनानं फाडीन."

पहिला घाव बसला आणि कळक बुडख्यापासून शेंड्यापर्यंत सरळ फाटत गेला. आतून पांढरा स्वच्छ, कुठं कीड नाही. कळक निवडण्यात दाजीबाचा हात कुणी धरणार नाही. मग तो माझ्या शेजारी बसला आणि दुसरा कळक त्यानंच फाडून दिला.

आमच्या घरात रीत आहे. लेकीच्या लग्नाच्या हळदीचं सूप घरातल्या थोरल्या बाईनं विणायचं. ते सूप मी त्या कळकांचं विणलं. दोन वर्षं खुंटीला टांगलेलं होतं, रेश्माची वाट बघत. तिच्या हळदीला तेच घेतलं. आजही तिच्या घरी आहे, ती त्यात तांदूळ पाखडते. ते कशाचं आहे, हे तिच्या सासरच्यांना मी सांगितलेलं नाही. कधी तरी सांगीन, मला कुणाची भीती आहे?

तर त्या दिवशी मी काठाची बारीक कामटी काढत होते. हात दोन्ही गुंतलेले. सवयीनं कामटीचं टोक तोंडाकडं गेलं, दात लागणार तेवढ्यात आतून आवाज आला. सबंध गल्ली दारात आली असेल असा.

"तोंडातनं काढा ती कामटी! काढा म्हणते ना! परत मिरजेला मी न्यायची न्हाई, आत्ताच सांगून ठेवते! आणि तो मिसरीचा डबा मी उकिरड्यावर फेकलाय, हुडकायला जाऊ नका!"

मी कामटी खाली ठेवली. "चहा मिळंल का, का तो पण उकिरड्यावर टाकलास?"

"चुलीवर हाय! उठा आणि घ्या! साखर डब्यात हाय!"

मी उठले. साखर माझ्या हातानं घातली, दोन चमचे जास्तच.